भिंतीपाशी गंगावण

रिकाम्या खोलीच्या दारावर टकटक करणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. आमची घरमालकीण. सगळं धारगळ तिला बाय म्हणायचं, आम्हीही बायच म्हणत आलो. घर तिचं, खोली तिची, आत कुणी नाही हे तिला ठाऊक, बाहेरून कडी पण तिनेच लावलेली. तरी आत शिरण्याआधी बाय दारावर बोटं वाजवायची, एकदा खोकायची, काठी जमिनीवर आपटायची आणि आतल्या काळोखाला सांगायची, "आसा कोण भितर? आसलास तर सर. हांव येतां." मग जराशी थांबायची. आत बसलेल्याला उठून जायला वेळ द्यावा तशी. मग दिवा, आणि दिव्यानंतर पाय.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरलेच. ह्यांना म्हटलं, "अहो, ही बाई भुताशी बोलते." हे म्हणाले, "बोलूं दे गो. आपल्याशी भांडत नाही ना?"

आम्ही तेव्हा नुकतेच कारापूरहून आलो होतो. डिचोलीच्या खाणींवर ह्यांनी पुष्कळ वर्षं ट्रक चालवला, खाणी थांबल्या तसे धारगळला हायवेच्या कडेला आलो, ट्रकचा टेम्पो झाला. बायच्या घराची मागची बाजू आम्हाला मिळाली. दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा, न्हाणी, आणि मागे माड, फणस, पेंढ्याची उडवी. पुढच्या बाजूला बाय एकटी. नवरा साखरेच्या दुखण्याने जाऊन जमाना झालेला. मुलगा पणजीला सरकारी नोकरीत, बायकामुलांसकट तिथेच. रविवारी येऊन जायचा.

तर ही बाय भित्री. भित्री म्हणजे किती, काय सांगू तुम्हाला. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी उंडे, म्हणजे गोल पाव, द्यायचा, ते गरम गरम उंडे आपण हातात घेतले की तोंडात घालतो ना? बाय आधी उंडा मोडायची, दोन्ही अर्धुकं उजेडात धरून आत बघायची, मग खायची. चपला जमिनीवर कधी नाहीत, भिंतीत उंच खिळा ठोकून त्याला टांगलेल्या. टॉवेल झाडल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. खाट भिंतीपासून हातभर दूर. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "वणटीक तेंकयल्ली खाट म्हणजे निसण." वणट म्हणजे भिंत आणि निसण म्हणजे शिडी. कोणासाठी शिडी ते तिने सांगितलं नाही. ज्याला ती सगळ्यात जास्त भ्यायची त्याचं नाव ती घेत नसे. फारच झालं तर "लांबडां" म्हणायची, तेही आवाज उतरवून, जसं काही ते दाराआड कान देऊन बसलंय.

बारा महिने मच्छरदाणी. मे महिन्यात आम्ही उघड्यावर घामाने भिजून पडायचो आणि बाय आपली जाळीच्या आत, कडा गादीखाली घट्ट खोचून. मी तिला म्हटलं होतं, पंखा लावून झोप, डास येणार नाहीत. "डांसांक कोण भियेता?" म्हणाली.

आणि हायवे ओलांडणं! रस्ता रुंद झाला, गाड्या मोप्याच्या विमानतळाकडे वाऱ्यासारख्या सुटायला लागल्या, तशी बाय एकटीने रस्ता ओलांडेनाशी झाली. कडेला छत्री घेऊन उभी राहायची. मी विचारलं, "कुणाची वाट बघतेस गो?" तर म्हणे, "गाय येऊं दी." आणि खरंच, एखादी गाय डुलत डुलत रस्त्यात उतरली की बाय तिच्या पलीकडून, तिच्या पोटाला पोट लावून, तिच्याच चालीने पलीकडे. "गायीक बिरेक मारतत," मला समजावून सांगायची. "म्हातारेक मारतीत म्हणान काय सांगूंक जायना."

लोक हसायचे. समोरच्या दुकानात तर तिच्या तोंडावर विचारायचे, "काय बाय, आज खोलीत पावणे आसात काय?" बाय शांतपणे म्हणायची, "आसले तर सांगून वतले." सांगून जातील म्हणे. तिला कसली लाजच नव्हती बघा. आपण भितो ते लपवतो. मी स्वतः विजेला भिते, पण चारचौघांत गडगडलं तर हसून दाखवते. बाय मात्र आपलं भय कुंकवासारखं कपाळावर घेऊन फिरायची.

गावात सगळ्यांनी तिच्या भयाची कारणं शोधून ठेवलेली. कोण म्हणे, हिचं एक मूल लहानपणी झोपेत गेलं, पान लागलं होतं, साप चावल्याला आमच्याकडे तसंच म्हणतात. कोण म्हणे, मूल नव्हे, बहीण. कोण म्हणे, नवऱ्याला साखर बिखर काही नव्हती, ती नुसती सांगायची गोष्ट. मलाही वाटायचं, काहीतरी मोठं दुःख असणार. बाई उगीच का अशी होते?

एकदा दुपारी आम्ही पुढच्या वसरीत सोलं करायला बसलो होतो. आमसुलं म्हणा. हात लालभडक. मी धीर करून विचारलं, "बाय, तुला असं काय झालं होतं गो?"

"कोणाक?"

"तुला. तू एवढी भितेस ती."

बायने बी काढून सूपात टाकली. "कायच घडूंक ना," म्हणाली.

"काहीच नाही?"

"आगो, जल्मांत कायच घडूंक ना." माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी. "तें घडूंक ना म्हणान तर हांव हांगा बसून सोलां करतां."

त्या दिवसापासून माझं हसणं कमी झालं हे खरं. दुःख असतं तर कीव करून मोकळी झाले असते. कारणाशिवायचं भय बघितलं की आपल्याला उगीच मागे वळून बघावंसं वाटतं.

मग माझी लेक बाळंतपणाला यायची झाली. तिचं पहिलं राहिलं नव्हतं. सातव्यात गेलं. ते दिवस मी कसे काढले ते इथे सांगत नाही. दुसऱ्या वेळी दिवस गेल्याचं तिने फोनवर सांगितलं तेव्हा आनंद झाला. पण तेव्हापासून मी रोज उठायची ती भय घेऊनच. देवाला एकच मागणं, ह्या वेळी मूल हातात दे, आणि हातात राहू दे.

मागची आतली खोली तिच्यासाठी तयार करायची ठरली. जुनी खोली, एकच जनेल, म्हणजे खिडकी, एक दार आमच्या बाजूला, एक न्हाणीकडे. भिंतींना खालून कमरेएवढा लाल कावेचा पट्टा आणि वर कधीतरी दिलेला पिवळट चुना. म्हटलं पाऊस लागण्याआधी मे महिन्यातच रंग काढून घेऊ. लेकीने फोनवर फोटो पाठवला. हल्ली ती पद्धत निघालीय ना, तीन भिंती फिक्या आणि एक गडद. तिला ती एक भिंत गडद निळी पाहिजे होती, अगदी शाई सांडल्यासारखी. "आई, त्या रंगाने डोळ्यांना शांत वाटतं," म्हणाली. मी म्हटलं, पोरीला जे शांत वाटेल ते करू.

पण घर बायचं. तिला विचारायला गेले, फोटो दाखवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. "आणि हांगा तें कशें दिसतलें?" म्हणाली.

"कोण ते?"

बायने फोन माझ्या हातात परत दिला.

"पांढरो जाय," मग म्हणाली. "चारय वणटींक. वयल्यान सकयल पर्यंत पांढरो. तो कावेचो पट्टोय नाका."

वरपासून खालपर्यंत पांढरा. आता बघा, आमच्याकडे कुठच्याही घरात जा, भिंतीच्या खालच्या अंगाला गडद पट्टा असतोच. पोछ्याचं पाणी उडतं, पाय लागतात, डाग दिसू नयेत म्हणून. बायचं सगळं उलटं. तिला दिसायला पाहिजे होतं.

पेंटर पेडण्याचा, तोंडाने फटकळ. त्याने न्हाणीच्या बाजूच्या भिंतीवर दोन चौकोन मारून दिले, जमिनीला टेकलेले. एक पांढरा, एक निळा. म्हणाला, "सुकल्यावर बघून सांगा." लेक तोवर आली होती, जावई सोडायला आले होते. सगळे दोन रंगांपुढे उभे राहून माना वाकड्या करतोय, तोच बाय आपल्या पेटीतून काहीतरी हातात लपवून घेऊन आली.

गंगावण! तरुणपणी लग्नाकार्याला ती केसांत घालायची ते. चांगलं हातभर लांब, काळंभोर, टोकाला गोंडा. तेलाचा आणि जाईच्या जुन्या फातींचा, गजऱ्यांचा वास अजून येत होता.

"सगळीं भायर वचात," बायने हुकूम सोडला.

आम्ही बाहेर गेलो. आतून तिचा आवाज आला, "आतां एकेकटीं या आणि तें खंय आसा सांगात."

पहिली लेक गेली. आत पाऊल टाकताच म्हणाली, "ते काय, भिंतीपाशी." पांढऱ्या चौकोनाखाली गंगावण पसरलं होतं, आंधळ्यालाही दिसेल असं. परत बाहेर. परत हाक. ह्या वेळी लेक उभीच राहिली. इकडे बघ, तिकडे बघ. "बाय, तू ते उचललंस."

"ना गो. सोद."

गंगावण निळ्याखाली होतं. भिंत जमिनीला मिळते त्या रेघेत चिकटवून ठेवलेलं. दाखवल्यावर दिसलं, पण पापणी लवली की परत हरवायचं. मी पण आत जाऊन बघितलं. खोटं कशाला सांगू, काय ठेवलंय ते मला ठाऊक होतं, कुठल्या भिंतीखाली तेही ठाऊक होतं, तरी मला शोधावं लागलं.

पेंटर खोखो हसला. "बाय, हांवें आज मेरेन रंग पळयले ते माणसांक. लांबड्याक कसलो बरो दिसतलो तें कोण विचारूंक ना!"

"नांव घेवं नाका!" बाय ओरडली.

जावई म्हणाले, "आजी, ट्यूबलाइट लावू की मोठी. लख्ख दिसेल सगळं."

"आणि वीज गेली तर?"

"जाते किती वेळ!"

बायने त्यांच्याकडे बघितलं. त्या पोराची तिला दयाच आली असावी.

लेकीचे डोळे भरले. पोटुशी बाई, मागचं दुखणं मनात, तिला ते सगळं अभद्र वाटलं. "माझ्या बाळाच्या खोलीत तुम्ही हे काय ठेवता?" म्हणाली आणि रडायलाच लागली. मी बायला खुणेने म्हटलं, पुरे. बाय खजील झाली. गंगावण गुंडाळून तिने लुगड्याच्या निऱ्यांत खोचलं, लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "एक वणट तुजी," म्हणाली. "तीन म्हज्यो. पूण खाट त्या वणटीक तेंकय नाका, चेडवा. इतलेंच आयक."

लेकीने मान हलवली. खोली तशी रंगवली. जनेलासमोरची भिंत शाईसारखी निळी, बाकी तिन्ही खालपर्यंत पांढऱ्या. खरं सांगते, छान दिसायची. दुपारी तर त्या निळ्या भिंतीकडे बघून विहिरीत वाकल्यासारखं गार वाटायचं. बाय मात्र त्या खोलीत आली की दारावर नेहमीपेक्षा जोरात बोटं वाजवायची.

नात झाली. सुखरूप. बारशाला विहीणबाई आल्या, मूल मांडीवर घेतलं, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "बाळंतिणीची खाट जनेलात? पावसाचा वारा लागेल पोरीला." वाऱ्याचं कुणालाही पटतं. माझ्या आईने मला तेच सांगितलं असतं. सगळ्यांनी हात लावून खाट उचलली आणि समोर नेऊन टेकवली. समोर म्हणजे निळ्या भिंतीला. दुसरीकडे न्हाणीचं दार आणि आमचं दार, जागाच नव्हती.

संध्याकाळी बाय आली, टकटक, खोकला, काठी. खाट बघितली. पुढच्या घरात जाऊन स्वतःची मच्छरदाणी सोडून आणली आणि लेकीच्या खाटेला बांधली. कडा गादीखाली नीट खोचल्या. मी म्हटलं, "आणि तू गो?"

"हांव जागी आसतां," म्हणाली.

ती सकाळ मला अजून आठवते, अशीच, काही कारण नसताना. मी चुलीवर बाळाच्या न्हाणाचं पाणी ठेवलं होतं आणि धुपाटण्यात निखारे घेत होते, ओवा वावडिंग घालून खोलीत धुरी द्यायची म्हणून. रात्रभर पाऊस झोडपत होता, वीज गेलेली. उजाडलं होतं म्हणायचं इतकंच. आतल्या खोलीच्या दारावर बायची बोटं वाजली. खोकला. काठी. "आसा कोण भितर? आसलास तर सर." आणि मग रोजच्यासारखं पाऊल वाजलं नाही.

मी धुपाटणं घेऊन गेले, तर बाय उंबऱ्यातच. आडवा हात करून तिने मला अडवलं. आवाज अगदी साधा, मासे काय आले म्हणून विचारावं तसा. "भितर येवं नाका गो. चेडवा, तूंय पांय सकयल घालूं नाका."

न्हाणीच्या दाराखालून ते आलं होतं. मी त्याची शेपूट तेवढी बघितली. पांढऱ्या भिंतीच्या तळाशी काळी रेघ, त्यावर पांढरी बारीक कडी, सावकाश, आपल्याच घरात चालल्यासारखी. मण्यार. जी झोपेत चावते आणि चावल्याचं कळतसुद्धा नाही. पांढऱ्या भिंतीवर ती इतकी स्पष्ट दिसत होती की कुणीतरी कोळशाने ओढतंय असं वाटावं. ती कोपऱ्यापर्यंत गेली. कोपरा वळली. आणि निळी भिंत लागली.

मग काही नाही.

मी डोळे फाडून बघत होते. खाटेखालचा काळोख, निळी भिंत, काळी जमीन, सगळं एक. वर जाळीत माझी लेक बसलेली, मांडीवर नात, आणि तिच्या अंगावरच्या गोधडीचं एक टोक जाळीबाहेर निघून भिंतीच्या बाजूने खाली लोंबत होतं. लोंबत होतं म्हणजे जमिनीला टेकत होतं. निसण. बायचा तो शब्द माझ्या कानात वाजला आणि धुपाटणं हातातून सुटायचंच राहिलं.

"आई, काय आहे?" लेक म्हणाली.

मला तर आत धावायचं होतं. पोरीला आणि नातीला कवेत घेऊन बाहेर काढायचं होतं. बायने माझं मनगट धरलं. ती बाई नखशिखांत कापत होती. पण डोळे? डोळे त्या कोपऱ्यावरून तसूभर हलले नाहीत.

"खंय पांय दवरतलें तूं?" हळूच म्हणाली. "सांग माका. खंय?"

मला सांगता येईना. कारण ती कुठे नाही हेच ठाऊक नव्हतं.

"चेडवा," बाय लेकीला म्हणाली, "गोधडी वडूं नाका. आसा तशी आसूं दी. भुरग्याक दूद दी आणि उगी रव." मग मला, डोळे न हलवता, "तांदळाचें पीठ हाड. डबोच हाड."

मला वाटलं, भयाने हिचं डोकं गेलं. तरी गेले. जाता जाता ह्यांना ओरडून सांगितलं, साप धरणाऱ्याला फोन लावा. भाकरीच्या पिठाचा डबा आणला. बायने मूठ भरली आणि उंबऱ्यातून, बी पेरावं तशी, निळ्या भिंतीच्या तळाशी फेकली. परत मूठ. परत मूठ. पीठ भिंतीवर आपटायचं आणि खाली ओघळायचं. खाटेच्या पायांमागे, कोपऱ्यात, गोधडीच्या टोकापर्यंत. बघता बघता ती शाईची भिंत खालून पांढरी होत चालली, जशी बायने पहिल्या दिवशी मागितली होती तशी.

आणि ती दिसली. उशाकडच्या पायामागे वेटोळं करून, तोंड आपल्याच अंगाखाली घालून पडलेली. अंगावर पिठाचा भुरका. गोधडीचं टोक तिच्यापासून वीतभर.

"दिसली," बाय म्हणाली. "आतां भियेवं येता."

आता भिता येईल. हे तिने आनंदाने म्हटलं असं मला वाटलं तेव्हा, आणि अजून वाटतं. मग तिने लेकीला पायथ्याकडे सरकायला लावलं, जाळी तिथूनच सोडवायला लावली, आणि ह्यांनी दारातून हात लांबवून आधी नात घेतली, मग लेकीला उचलूनच बाहेर ओढलं. बाय तेवढा सगळा वेळ उंबऱ्यातच. मी तिला खुर्ची आणून दिली तर तिने न बघताच हाताने चाचपली आणि बसली. साप धरणारा माणूस येईपर्यंत ती त्या वेटोळ्याशी हळू आवाजात बोलत होती. "रव गो बाय. थंयच रव. तूंय भियेल्लें आसा, हांवय भियेल्लें आसां."

त्याने ती पिशवीत घातली, रानात सोडतो म्हणाला. पिठाने भरलेल्या भिंतीकडे बघून त्याने विचारलं, "हे कोणी केलं?" आम्ही बायकडे बोट केलं. ती तोवर न्हाणीत जाऊन ओकत होती.

गाव लोटलं. समोरचा दुकानदार, जो रोज पाहुण्यांची चौकशी करायचा, तो म्हणाला, "बाय, हिंमत बरी तुमची!" बाय इतकी चिडली! "कसली हिंमत? भंयान मेलां हांव. हिंमत आसल्ली तर तुमच्यासारकी धांवत भितर गेल्लें."

लेकीनेच मग धरलं, भिंत पांढरी करा. आजच्या आज. मीही पेंटरला फोन लावणार होते. बाय नाही म्हणाली. आम्हाला वाटलं, थट्टा करते.

"आसूं दी ती," म्हणाली. "पांढरी केली तर तिका कोण पळयतलो? दोन दिसांनी विसरतल्यात. ही आसली तर रोज पळयतल्यात." रोज बघाल, असं तिचं म्हणणं.

तर ती भिंत तशीच राहिली. आजही आहे, खालच्या बाजूला जराशी पापुद्रे सुटलेली.

पुढे बायचे गुडघे गेले आणि मुलाने तिला पणजीला नेलं. पाचव्या मजल्यावर. निघताना तिने गंगावण माझ्या हातात ठेवलं. मी भेटायला जायची. काय सुंदर घर! पांढऱ्या भिंती, पांढऱ्या लाद्या, सगळीकडे उजेड. बाय त्या उजेडात खाटेवर बसून असायची, खाट भिंतीपासून दूर. सून हसून म्हणाली, "इथे पण दारावर टकटक करतात. पाचव्या मजल्यावर काय येणार आहे, सांगा तुम्ही."

बायने माझा हात ओढून मला जवळ घेतलं. "हांगा कायच दिसना गो," कानात म्हणाली. "माका न्हीद येना."

गेल्या पावसात ती गेली. झोपेत, मच्छरदाणीच्या आत, कडा खोचलेल्या. सगळे म्हणाले, किती सुखाचं मरण, कळलंसुद्धा नाही. मी मान हलवली. पण माझ्या मनात तेव्हापासून एकच, की जन्मभर जिने येणाऱ्याला आधी बघायचं म्हटलं, तिला ते येताना दिसलं नाही.

नात आता चांगली पळती झालीय. सुट्टीत आली की मी तिच्याशी एक खेळ खेळते. निळ्या भिंतीपाशी गंगावण ठेवायचं, तिला बाहेरून बोलवायचं आणि शोधायला लावायचं. लेक रागावते, मी तरी खेळते. पोरीला आता ते पटकन सापडतं. आत येण्याआधी ती इवल्या बोटांनी दारावर वाजवते, खोटं खोटं खोकते. "आसा कोण भितर?"

परवा अशीच संध्याकाळच्या आधी ती धावत चुलीशी आली. "आजी, सापडलं! कोपऱ्यात आहे." मी म्हटलं, शाबास गो. आणि मग माझा हात भाकरीवरच राहिला. मी त्या दिवशी गंगावण ठेवलंच नव्हतं.

पोरीला मी ह्यांच्याकडे ढकललं आणि गेले. दारावर बोटं वाजवली. खोकले. काठी नव्हती, लाटणं आपटलं. "आसा कोण भितर?" माझाच आवाज मला ओळखू येईना. दिवा लावला. कोपऱ्यात, भिंत जमिनीला मिळते तिथे, काळं काही लांब पडलेलं. मी बघत राहिले. हललं नाही. टोकाला गोंडा होता. आदल्या दिवशी खेळून झाल्यावर उचलायचं राहिलं असणार, तेच ते.

गंगावणच होतं. मला चांगलं दिसत होतं. तरी मी खुर्ची ओढली, उंबऱ्यात बसले आणि त्या कोपऱ्यावरून डोळे काढले नाहीत. आतून ह्यांनी विचारलं, "काय गो, काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं. "पोरीला इकडे पाठवू नका."